भटक्या मांजरांचे संसर्ग : रिद्धपूर परिसरातील पशुवैद्यकीय निरीक्षणे

अमरावती जिल्ह्याच्या मोर्शी तालुक्यातील रिद्धपूर हे महानुभाव पंथाचे श्रेष्ठ तीर्थस्थान असून श्रीगोविंदप्रभूंच्या वास्तव्याने पावन मानल्या गेलेल्या या गावात मठ, आश्रम आणि यात्रेकरू यांची वर्दळ बाराही महिने असते. २०२४ पासून मराठी भाषा विद्यापीठामुळेही गावाचे नाव सर्वदूर पोचले आहे. मांजरांना मात्र हे गाव वेगळ्याच कारणांनी मानवले असावे. पंगतीतले उरलेसुरले अन्न, तूर-हरभऱ्याच्या साठवणीमागोमाग येणारे उंदीर, गोठ्यालगतची कुटाराची खोली आणि अंगणात रचलेली पऱ्हाटीची गंजी, एवढे सगळे जिथे हाताशी आहे तिथे भाटीला वर्षातून दोनदा पिल्ले घालायला आडोसा शोधत फिरावे लागत नाही. या मांजरांना दूध घालणारे घर असते, त्यांना हाका मारणारी पोरे असतात, पण ती आजारी पडली की दवाखान्यात आणणारा मालक नसतो, आणि या परिसरात पशुवैद्यकीय सेवेत घालवलेल्या वर्षांनी जे काही शिकवले त्याचा बराचसा भाग या न आणलेल्या रोग्यांशीच निगडित आहे.

वऱ्हाडात ज्याला ‘ढोरांचा दवाखाना’ म्हणतात, त्या खेड्यापाड्यांतील सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्याची घडण नावाप्रमाणेच ढोरांसाठी झालेली असते. लाळ्या-खुरकुताच्या लसीकरणाची मोहीम, कृत्रिम रेतन, अडलेली गाय, विम्याचे दाखले यांतच दिवस सरतो. दारासमोर जनावर अडकवायचा लोखंडी खोडा असतो, पण मांजर तपासायला धड टेबल नसते. मांजर येते ते बाजाराच्या पिशवीतून, तोंड सुतळीने बांधलेले, आणि पिशवी उघडताच औषधांच्या कपाटामागे पळणारे. त्याचे रक्त काढायचे तर जाड टॉवेलात गुंडाळून, मागच्या पायाच्या आतल्या बाजूची बारीक शीर बोटाने दाबून फुगवावी लागते आणि सुईत दोनेक मिलिलिटर रक्त येईपर्यंत धरणाऱ्याने श्वास रोखून धरावा लागतो. एवढा खटाटोप करून मिळालेले रक्त नेमके काय सांगते आणि काय सांगत नाही, हा प्रश्न या कामात वारंवार समोर उभा राहिला, आणि कोरोनाच्या काळात तर तो सगळ्या गावाचाच प्रश्न झाला.

शरीरात एखादा विषाणू शिरला की त्याला ओळखून निष्प्रभ करणारी प्रथिने रक्तात तयार होतात. त्यांना प्रतिपिंडे म्हणतात. विषाणू शरीरातून निघून गेल्यावरही ही प्रतिपिंडे काही महिने, काही रोगांत आयुष्यभर, टिकून राहतात. म्हणून प्रतिपिंडांची तपासणी ‘विषाणू कधीतरी येऊन गेला’ एवढेच सांगते. तो आज शरीरात आहे का, मांजर त्यानेच आजारी आहे का, ते इतरांना संसर्ग देऊ शकते का, यांपैकी एकाही प्रश्नाचे उत्तर त्या एका कागदावर नसते. विषाणूचा प्रत्यक्ष अंश शोधायचा तर नाक, घसा किंवा विष्ठा यांतील नमुन्याची आरटीपीसीआर चाचणी करावी लागते, आणि तीसुद्धा विषाणू शरीराबाहेर पडत असतानाच्या मोजक्या दिवसांत केली तरच उपयोगी ठरते. संसर्ग होऊन गेलेला असणे आणि रोग असणे या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, हे पाठ्यपुस्तकातले वाक्य पदवीच्या परीक्षेत सहज लिहिता येते. पिशवीतल्या मांजराकडे बोट दाखवून दारात उभ्या असलेल्या घाबरलेल्या कुटुंबाला ते पटवून देणे हे निराळेच काम आहे.

मार्च २०२० मध्ये देशभर टाळेबंदी लागली तेव्हा या भीतीला सुरुवात झाली ती एका बाटलीवरील चिठ्ठीमुळे. कुत्र्यांना देण्यात येणाऱ्या काही एकत्रित लशींच्या वेष्टनावर इतर रोगांबरोबर ‘कोरोना’ हाही शब्द छापलेला असतो, कारण कुत्र्यांच्या आतड्यांत राहणारा एक कोरोना विषाणू कित्येक दशकांपासून माहीत आहे. त्या वेष्टनाची छायाचित्रे मोबाइलवरून फिरू लागली आणि हा रोग मुळात जनावरांचाच असून डॉक्टरांना तो आधीपासून ठाऊक होता, असा निष्कर्ष काढून लोक मोकळे झाले. ‘कोरोना’ हे एका विषाणूचे नाव नसून विषाणूंच्या मोठ्या कुळाचे आडनाव आहे, कुत्र्याचा कोरोना, मांजराचा कोरोना आणि कोविड-१९ घडवणारा सार्स-कोव्ही-२ ही तीन वेगळी प्रकरणे आहेत, हे त्या दिवसांत अक्षरशः ओट्याओट्यावर सांगावे लागले. ५ एप्रिल २०२० रोजी न्यूयॉर्कच्या ब्राँक्स प्राणिसंग्रहालयातील वाघीण बाधित आढळल्याची बातमी आली आणि ‘साहेब, मांजर बी पॉझिटिव्ह निंघते काय?’ हा प्रश्न दवाखान्यात रोजचाच झाला.

त्या प्रश्नाचे उत्तर ‘हो’ असेच होते, आणि ते दडवून चालण्यासारखे नव्हते. चीनमधील हार्बिन येथील पशुवैद्यकीय संशोधन संस्थेने २०२० च्या वसंतातच प्रयोगाने दाखवून दिले की कोंबड्या, बदके आणि डुकरे यांच्यात हा विषाणू रुजत नाही, कुत्र्यांत जेमतेम वाढतो, परंतु मांजर व फेरेट यांच्यात तो चांगलाच वाढतो आणि एका मांजराकडून दुसऱ्याकडे जातो. याचे कारण असे की पेशीत शिरण्यासाठी हा विषाणू पेशीच्या पृष्ठभागावरील ‘एसीई-२’ नावाच्या ज्या प्रथिनाला चिकटतो, त्याची घडण मांजरात माणसासारखीच आहे. वुहानमध्ये साथीनंतर गोळा केलेल्या १०२ मांजरांच्या रक्तनमुन्यांपैकी १५ नमुन्यांत प्रतिपिंडे सापडली, तर साथीपूर्वी साठवलेल्या ३९ नमुन्यांपैकी एकातही ती नव्हती. आणि सर्वांत तीव्र प्रतिपिंडे होती ती कोविड झालेल्या माणसांच्या घरातील मांजरांत, रस्त्यावरच्या नव्हे. नेदरलँड्समध्ये मिंक या केसाळ कातड्यासाठी (फरसाठी) पाळल्या जाणाऱ्या प्राण्याच्या फार्ममध्ये संसर्ग शिरल्यावर आसपास हिंडणाऱ्या २४ भटक्या मांजरांची तपासणी झाली, तेव्हा ७ मांजरांत प्रतिपिंडे आढळली. या सगळ्या आकड्यांतून एकच दिशा दिसत होती: विषाणू माणसाकडून, किंवा माणसाने दाटीवाटीने कोंडलेल्या प्राण्यांकडून, मांजराकडे येत होता. उलट दिशेने, म्हणजे मांजराकडून माणसाला संसर्ग झाल्याचे भक्कम उदाहरण २०२१ मधील थायलंडचे आहे, जिथे बाधित मांजराचा नमुना घेताना ते पशुवैद्यकाच्या तोंडावर शिंकले. ते उदाहरण वैद्यकीय नियतकालिकात स्वतंत्रपणे छापून आले, यावरूनच ते किती विरळ होते हे कळते.

फेब्रुवारी २०२१ मध्ये अमरावतीत रुग्णसंख्या एकाएकी वाढून शहरात पुन्हा टाळेबंदी लागली आणि राज्याची दुसरी लाट जणू इथूनच उठली. त्याच वर्षी मे महिन्यात हैदराबादच्या नेहरू प्राणिसंग्रहालयातील ८ सिंह बाधित निघाले. या काळात रिद्धपूर व आसपासच्या गावांत मांजरांवरचे प्रेम पुष्कळच आटले. ज्या घरातील माणूस विलगीकरणात होता, त्या घरच्या मांजराला शेजारी काठीने हाकलत. प्रत्यक्षात ते मांजर घरातल्याच आजाऱ्याच्या उशाशी निजत असल्याने धोका कोणाला कोणापासून होता, हे सांगूनही कोणी मानत नसे. अशा घरांना एकच सल्ला दिला जाई: आजारी माणसाने मांजराला जवळ घेऊ नये, त्याच्या ताटलीला हात लावू नये, आणि मांजराला बाहेर हाकलूही नये, कारण हाकललेले मांजर दहा घरे फिरेल. सल्ला अर्ध्या लोकांनी ऐकला, तेवढ्यावर समाधान मानावे लागले. यात्रेकरू थांबले, हॉटेले बंद पडली, पंगती उठेनाशा झाल्या आणि मांजरे उपासमारीने जिथे चूल पेटत होती तिथे गोळा होऊ लागली; त्या दोन वर्षांत त्यांच्यात दिसलेला सगळा आजार कोविडच्या खात्यावर मांडला गेला, पण उपासमार, दाटी आणि भांडणे यांचा त्यात फार मोठा वाटा होता.

वास्तविक मांजरांचा स्वतःचा कोरोना विषाणू या गावांत त्याआधीपासून होता आणि त्याच्याकडे कोणाचेही लक्ष नव्हते. हा विषाणू आतड्यात राहतो आणि विष्ठेतून पसरतो, त्यामुळे घरकुलाच्या बांधकामासाठी टाकलेला रेतीचा ढीग, जो गल्लीतली सगळी मांजरे सामाईक शौचालय म्हणून वापरतात, हे त्याच्या प्रसाराचे हक्काचे ठिकाण ठरते. बहुतेक मांजरांना त्याने थोडी हगवण लागते किंवा तीही नाही. परंतु बाधित मांजरांपैकी साधारण ५ ते १० टक्क्यांत हा विषाणू त्यांच्याच शरीरात बदलतो, आतडे सोडून मॅक्रोफेज नावाच्या भक्षक पेशींत शिरतो आणि सर्वांगातील रक्तवाहिन्यांना दाह करतो. त्या रोगाला फेलाइन इन्फेक्शियस पेरिटोनायटिस, थोडक्यात एफआयपी, म्हणतात. बोस्टनच्या एका पशुरुग्णालयातून १९६३ मध्ये त्याचे पहिले वर्णन प्रसिद्ध झाले. दोन वर्षांच्या आतली मांजरे त्याला अधिक बळी पडतात, आणि पाठीचा कणा हाताला लागतो इतके वाळलेले पण पोट मात्र टम्म फुगलेले पिल्लू समोर आले, की अनुभवी हाताला संशय येतोच. गावकरी त्याला जंत झाले म्हणतात, आणि जंताचे औषध आधीच पाजून झालेले असते.

खेड्यातल्या दवाखान्यात या संशयाची शहानिशा करण्याचा एक जुना आणि अत्यंत स्वस्त मार्ग आहे. पोटात सुई घालून ओढलेले पाणी गडद पिवळे आणि चिकट असते, दोन बोटांत धरून ताणले तर तार निघते. परीक्षानळीत सात-आठ मिलिलिटर शुद्ध पाणी घेऊन त्यात तीव्र ॲसेटिक आम्लाचा एक थेंब मिसळायचा आणि वरून पोटातल्या पाण्याचा एक थेंब अलगद सोडायचा. तो विरघळून गेला तर एफआयपी जवळजवळ नाहीच, परंतु तो आकार न मोडता पाण्याच्या वरच्या बाजूस लोंबत राहिला, किंवा शेपूट काढत समुद्रातल्या जेलीफिशसारखा सावकाश तळाकडे उतरला, तर संशय बळावतो. मुळात माणसांच्या रोगांसाठी निघालेल्या या रिव्हाल्टा चाचणीलाही मर्यादा आहे, कारण पोटात पू झाला असला किंवा काही प्रकारची गाठ असली तरी थेंब तसाच टिकतो. तरीसुद्धा शहरातील प्रयोगशाळेतून येणाऱ्या ‘कोरोना प्रतिपिंडे: सकारात्मक’ या छापील अहवालापेक्षा खिडकीच्या उजेडात धरलेली ही नळी जास्त सांगून जाते, असे या कामातून ठाम मत बनले आहे, कारण प्रतिपिंडे तर त्या रेतीच्या ढिगावर जाणाऱ्या धडधाकट मांजरांतही असतात, आणि निव्वळ तेवढ्या कागदावरून चांगल्या मांजराला इच्छामरणाचे इंजेक्शन देण्यात आल्याच्या घटना जगभर झालेल्या आहेत.

एफआयपीवर उपाय नाही, हेच वाक्य या पिढीतल्या पशुवैद्यकांनी शिकले आणि पुढे शिकवले. ते खोटे ठरवले कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस येथील संशोधकांनी: २०१९ मध्ये त्यांनी जीएस-४४१५२४ या औषधाचा ३१ आजारी मांजरांवर केलेला प्रयोग प्रसिद्ध केला आणि त्यांतील बहुसंख्य मांजरे वाचली. हे औषध रेमडेसिव्हिरचा जवळचा नातलग आहे. रेमडेसिव्हिर शरीरात गेल्यावर जे रूप घेते त्यांपैकी एक म्हणजे हेच. एप्रिल २०२१ मध्ये विदर्भातील औषध दुकानांपुढे रेमडेसिव्हिरसाठी माणसांच्या रांगा लागल्या होत्या आणि काळ्या बाजारात त्याची वाटेल ती किंमत मोजली जात होती, तेव्हा त्याच कुळातील औषधाने मांजरे बरी होतात, हे बोलून दाखवण्याची सोय नव्हती. सायप्रस बेटावर २०२३ मध्ये मांजराच्या व कुत्र्याच्या कोरोना विषाणूंच्या संकरातून निघालेल्या नव्या प्रकाराने मोठी साथ आणली, तेव्हा तेथील शासनाने माणसांसाठी साठवलेल्या मोल्नुपिराव्हिर गोळ्या मांजरांना देण्याची परवानगी दिली. असे निर्णय श्रीमंत बेटावर होतात. बारा आठवडे रोज औषध देण्याचा हा उपचार रिद्धपूरच्या भटक्या पिल्लासाठी आजही कागदावरच आहे.

पिल्लांचा खरा संहार करतो तो मात्र वेगळाच विषाणू. पॅनल्यूकोपेनिया म्हणजे रक्तातील सर्व पांढऱ्या पेशी घटवणारा रोग. तो पार्व्हो कुळातील विषाणूमुळे होतो आणि हा विषाणू मातीत, कुटारात, पोत्याच्या धाग्यात वर्षभर जिवंत राहू शकतो. काल उड्या मारणारे पिल्लू आज पाण्याच्या भांड्यावर मान टाकून बसते, पाणी प्यावेसे वाटते पण पिता येत नाही, आणि दोन दिवसांत संपते. भाटी पिल्लांना सात घरे दाखवते, असे म्हणतात; एका कुटारघरातून दुसऱ्यात हलवलेली पिल्ले तो विषाणूही बरोबर नेतात, आणि गेल्या खेपेच्या पिल्लांनी मागे ठेवलेला विषाणू पुढच्या खेपेला भेटतो. साबण, फिनेल किंवा शेण-सारवण यांनी तो मरत नाही, पातळ केलेल्या ब्लीचने मरतो. एका आश्रमाच्या भांडारघरात ओळीने तीन वेतांची पिल्ले गेली तेव्हा जागेला दोष आहे असे ठरले होते. फरशी ब्लीचने धुऊन, जुनी पोती जाळून आणि भाटीला लस टोचून झाल्यावर पुढची पिल्ले जगली.

याच ठिकाणी वऱ्हाडातील, किंबहुना सगळ्या महाराष्ट्रातील, एका समजुतीचा विचार करावा लागतो. मांजर मारले तर सोन्याचे मांजर दान करावे लागते, इतके ते मोठे पाप मानतात. महानुभाव पंथाच्या अहिंसेच्या आचारामुळे रिद्धपुरात ही भावना अधिकच दृढ आहे. त्यामुळे नकोशी झालेली मांजरे मारली जात नाहीत, ती पोत्यात घालून दुसऱ्या गावाच्या शिवारात सोडली जातात. सोडणाऱ्याच्या डोक्यावर पाप राहत नाही, पण विषाणूच्या दृष्टीने यापेक्षा सोयीची वाहतूक दुसरी नाही: पोत्यात चार वेगवेगळ्या घरची मांजरे एकत्र कोंडली जातात, नव्या गावात जागेसाठी बोक्यांशी त्यांची झटापट होते आणि चाव्यातून एफआयव्ही पसरतो, जो एचआयव्हीच्या कुळातला मांजराचा विषाणू असून माणसाला होत नाही. उपासमार आणि भीती यांच्या ताणाने आतड्यातला निद्रिस्त कोरोनाही उचल खातो. मारण्यापेक्षा सोडणे बरे, आणि सोडण्यापेक्षा खच्चीकरण करून होते तिथेच राहू देणे बरे, असे सांगितले तर ऐकणारे मान डोलावतात. पण सुगीनंतर पोती निघतातच.

पोते काढण्याचे सर्वांत ठरलेले निमित्त म्हणजे बाळंतपणासाठी माहेरी आलेली लेक. गरोदरपणात टॉर्च नावाची रक्ततपासणी सांगितली जाते, तिच्यात टॉक्सोप्लाझ्मा या एकपेशीय परजीवीच्या प्रतिपिंडांचा रकाना असतो, तो सकारात्मक आला की घरातील मांजर आरोपी ठरते. इथे पुन्हा तोच पेच उभा राहतो. त्या रकान्यातील ‘आयजीजी’ प्रकारची प्रतिपिंडे जुन्या, होऊन गेलेल्या संसर्गाची खूण असतात आणि निरोगी स्त्रीत ती असणे हे बाळाच्या दृष्टीने संरक्षणच आहे. काळजी असते ती गरोदरपणात पहिल्यांदाच होणाऱ्या संसर्गाची, जो ‘आयजीएम’ आणि पुढील तपासण्यांवरून ठरवायचा असतो. मांजराच्या विष्ठेतून पडणारी परजीवीची अंडी संसर्गक्षम व्हायला एक ते पाच दिवस लागतात, मांजर ती आयुष्यात बहुधा एकदाच आणि एक ते तीन आठवडेच टाकते, आणि माणसाला हा संसर्ग कच्चे राहिलेले मटण किंवा न धुतलेली भाजी यांतून होण्याचा संभव मांजर मांडीवर घेण्यापेक्षा जास्त असतो. असल्या एका प्रसंगी लेकीच्या सासूबाईंनी सगळे शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, की मग रेतीच्या ढिगावर खेळणाऱ्या नातवाचे काय? प्रश्न अगदी नेमका होता. ढिगावर ताडपत्री आली, मांजर घरातच राहिले.

जिथे घाबरायला हवे तिथे मात्र लोक निर्धास्त असतात. कुत्रा चावला तर धावपळ होते, मांजराने ओरबाडले तर हळद लावली जाते. वास्तविक रेबीज मांजरालाही होतो आणि तेही तो माणसाला देऊ शकते. चाव्यानंतर प्राण्यावर १० दिवस नजर ठेवावी, असा नियम कुत्र्या-मांजरांसाठी आहे, पण भटके मांजर दुसऱ्या दिवशी दिसेलच याची शाश्वती नसल्याने जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली १५ मिनिटे धुणे आणि प्राथमिक आरोग्य केंद्रात जाऊन लशीची सुई घेणे, एवढेच खरे. औषधांबाबतही असेच आहे. तापलेल्या मांजराला घरातली पॅरासिटामॉलची गोळी चुरून दुधातून देण्याची कनवाळू पद्धत सर्रास आढळते, आणि ती गोळी पचवण्याची क्षमता मांजराच्या यकृतात नसल्याने एका गोळीत ते दगावू शकते. हिरड्या तपकिरी-निळ्या पडलेले मांजर आले की आधी तापाबद्दल नव्हे, गोळीबद्दल विचारायचे असते.

डिसेंबर २०२४ मध्ये नागपूरच्या गोरेवाडा बचाव केंद्रात ३ वाघ आणि एक बिबट्या मरण पावले आणि त्यांच्यात बर्ड फ्लूचा एच५एन१ विषाणू सापडला. पाठोपाठ मोर्शी-वरूडच्या संत्रापट्ट्याला लागूनच असलेल्या मध्य प्रदेशातील छिंदवाडा येथे घरगुती मांजरांत तोच विषाणू निघाला आणि चिकन बाजार बंद करावे लागले. अमरावती जिल्ह्यात कुक्कुटपालन मोठे असल्याने ही बातमी इथल्या लोकांना दूरची वाटली नाही. मांजरकुळ या विषाणूला किती नाजूक आहे, हे २००४ मध्ये थायलंडच्या एका व्याघ्रसंग्रहालयात कच्च्या कोंबड्यांवर पोसलेले वाघ मोठ्या संख्येने गेले तेव्हाच दिसले होते. अमेरिकेत २०२४ मध्ये बाधित गाईंचे कच्चे दूध प्यालेली गोठ्यातील मांजरे मेली. कोविडच्या उलट इथे मांजर माणसाकडून काही घेत नाही, ते मुख्यतः पक्ष्यांकडून घेते आणि अंगणात आणते, त्यामुळे या वेळी खबरदारी मांजराबाबतही घ्यावी लागते. चिकनच्या दुकानामागे आतडी-पंखांच्या टोपल्याभोवती जमणारी मांजरे हा गावात पोटभर हसण्याचा विषय होता. दुकानदारांना टोपल्याला झाकण घालायला आणि कचरा पुरायला सांगितले, तेव्हा त्यांचा पहिला आक्षेप मांजरे उपाशी राहतील असा होता.

कोविडनंतर ‘मांजराची कोरोनाची लस’ विचारत येणारे लोक अजूनही भेटतात. हिसार येथील राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्राने तयार केलेली ‘ॲन्कोव्हॅक्स’ ही प्राण्यांसाठीची देशी कोविड लस जून २०२२ मध्ये जाहीर झाली हे खरे, पण गल्लीतल्या मांजरासाठी तिच्यावर पैसा खर्च करण्याचे कारण नाही, कारण त्या विषाणूने मांजरे फारशी आजारी पडत नाहीत. वर्गणीतून जमलेल्या रकमेत काय बसवायचे असा प्रश्न मठाच्या व्यवस्थापकांकडून किंवा तरुण मंडळाकडून आला, तर उत्तराचा क्रम आता ठरून गेला आहे: आधी रेबीजची सुई, मग पॅनल्यूकोपेनियासह तीन रोगांवरची तिहेरी लस, त्यानंतर भाट्यांची शस्त्रक्रिया, आणि पैसे उरले तरच रक्ताच्या चाचण्या.